पावणेआठ की एळू मुक्कालु?

पत्र

गुरुजींना नमस्कार.

आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. माझी मुलगी चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकली. पुढं नोकरीपाणी इथंच बघायचं तर कन्नड पाहिजे, म्हणून यंदा पाचवीला तिला कन्नड माध्यमात घातलं. बोलायला ती दोन महिन्यांत शिकली, पण गणितात पार मागं पडली. पहिल्या चाचणीत पंचवीसपैकी सात. टीचर इप्पत्तेंटु (कन्नडात अठ्ठावीस) सांगतात आणि ही कधी २८ लिहिते, कधी ८२. साडेतीन गुणिले बत्तीस तिनं कागदावर ११२० केलं. आणि हीच पोरगी आठवडी बाजारात आज्जीबरोबर भाजीच्या पाटीवर बसली की तोंडी हिशेब करून सुटे परत देते, एक रुपया चुकत नाही.

टीचर म्हणतात, घरातही लेक्क (हिशेब) कन्नडातच करून घ्या, मराठी आकडे बंद करा. सासूबाई म्हणतात, पावकी-दीडकी (पाव, दीड यांचे जुने पाढे) पाठ करून घे, सगळं येतं. मालक म्हणतात, ट्यूशन लावू. माझंही गणित कच्चंच होतं, दहावीला त्यातच गेले. आमच्या घराण्यातच गणित नाही की काय, असं वाटायला लागलंय. मी कुणाचं ऐकू?

— एक आई, खानापूर तालुका

उत्तर

ताई,

पत्र वाचल्यावर मी आधी तो ११२० वहीत मांडून बघितला. पस्तीस गुणिले बत्तीस केलं की बरोबर ११२० येतात. म्हणजे लेकीचे पाढे पक्के आहेत, हातचे नीट धरलेत, बेरीज चुकलेली नाही. चुकलंय ते एक टिंब.

बाजारात ती हा हिशेब कसा करते ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैज लावून सांगतो: "बत्तीस रुपये किलो, तीनाचे शहाण्णव, अर्ध्याचे सोळा, झाले एकशे बारा." कागद नाही, टिंब नाही. साडेतीन किलो वांग्यांचे अकराशे वीस मागितले तर गिऱ्हाईक पाटी उलटी करून जाईल, हे तिला पक्कं ठाऊक आहे. वहीत मात्र वांगीही नाहीत आणि गिऱ्हाईकही नाही, म्हणून अकराशे वीस तिला खटकले नाहीत. एकाच डोक्यात दोन दुकानं आहेत आणि मधलं दार बंद आहे. पंचवीसपैकी सातवर माझं मत एवढंच. बाकीचं पत्र ते दार कसं उघडायचं यावर.

आता २८ आणि ८२. मराठीत अठ्ठावीस म्हणताना आठ आधी येतो, वीस मागनं. लिहिताना मात्र दोन आधी. कन्नडात इप्पत्तु म्हणजे वीस, एंटु म्हणजे आठ, झालं इप्पत्तेंटु. जसं बोललं तसं लिहिलं. तुमची लेक इप्पत्तेंटु ऐकते, मनात त्याचं अठ्ठावीस करते, आणि घाईत अठ्ठावीस ज्या क्रमानं कानावर पडतं त्याच क्रमानं उतरवून मोकळी होते. सरळ कन्नडातून लिहिलं असतं तर चुकायला जागाच नव्हती, आणि सरळ मराठीतून लिहायची तिला चौथीपर्यंत सवय झालेली होती. घोटाळा मधल्या उडीत आहे. जर्मन भाषेतही आपल्यासारखं 'आठ आणि वीस' म्हणतात, आणि तिथल्या पोरांच्या वह्यांतही ही उलटापालट सापडते.

आपल्या मराठीची आणखी एक खोड म्हणजे एकोण. एक ऊन, म्हणजे एक कमी. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी. कन्नडात त्यालाच एप्पत्तोंबत्तु, सत्तर आणि नऊ, रोखठोक. मी नोकरीत जितक्या वह्या तपासल्या त्यात ७९ च्या जागी ८९ लिहिलेलं इतक्यांदा बघितलंय की शेवटी लाल पेन उचलायचं सोडून दिलं. ऐंशी हा शब्द कानात बसतो आणि हात आपोआप आठ लिहितो. शिवाय नव्याण्णवला आपण एकोणशंभर म्हणत नाही. का, ते पोरानं विचारलं तर सांगायला काही नसतं.

तुम्हाला आठवत असेल, २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात बासष्टसाठी 'साठ दोन' अशी पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला. समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. त्यांचं म्हणणं साधं होतं: लहान मुलांना जोडाक्षरांचे, उलट्या क्रमाचे शब्द जड जातात, दक्षिणेकडच्या भाषांत असं नाही, म्हणून ही एक जादा वाट द्या. जुने शब्द काढून टाकलेले नव्हते. तेव्हा पेपरात वाचून मीही हसलो होतो, खोटं कशाला बोलू. पण आम्ही सीमाभागातली माणसं. बसमध्ये, बाजारात, तहसील कचेरीत रोज साठ-दोन पद्धतीनंच आकडे ऐकतो, फक्त ते कन्नडात असतात. अरवत्तेरडु म्हणजे दुसरं काय? हसायला आम्हाला तरी तोंड नव्हतं. नॉर्वेत तर १९५१ साली संसदेनंच ठराव करून आकडे म्हणायचा क्रम फिरवला, टेलिफोनचे नंबर सांगताना घोळ होतो म्हणून. तरी जुनी माणसं पुढं कित्येक वर्षं जुन्याच पद्धतीनं बोलत राहिली. भाषा ठरावानं एवढ्या लवकर हलत नाही, आणि पोरीच्या डोक्यातली मराठी टीचरच्या एका वाक्यानं हलणार नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. घड्याळात पावणेआठ झाले की तुमच्या शेजारचा कन्नड माणूस काय म्हणतो? एळू मुक्कालु. एळू म्हणजे सात. कालु म्हणजे पाव, मुक्कालु म्हणजे तीन पाव. सात आणि तीन पाव. आपलं 'पाऊण' त्याच्या उलटं: पाव ऊन, पावानं कमी. पावणेआठ म्हणताना मराठी माणूस आठावर उभा राहून मागं बघतो, कन्नड माणूस सातावर उभा राहून पुढं मोजतो. घड्याळाचा काटा एकाच जागी.

हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. पावणेआठ दशांशात लिही म्हटलं की मराठी पोरं हमखास ८.७५ लिहितात, कारण शब्दात आठ ऐकू येतो. एळू मुक्कालु ऐकणारं पोर ७.७५ लिहून जातं. म्हणजे दशांश अपूर्णांक शिकताना कन्नड शब्द कामाला येतो. उलट पावणेआठ किलोचे बत्तीस रुपयांनी किती, हे तोंडी करायचं असेल तर मराठीचा हात कुणी धरणार नाही: आठाचे दोनशे छप्पन्न, त्यातनं पावाचे आठ गेले, दोनशे अठ्ठेचाळीस. सात आणि तीन पाव असं करत बसलात तर गिऱ्हाईक जाईल पुढच्या पाटीवर. तुमच्या पोरीकडे ही दोन्ही हत्यारं आहेत. बेळगावच्या पलीकडे कोल्हापुरात किंवा अलीकडे धारवाडात वाढलेल्या पोराकडे बहुधा एकच असतं.

म्हणून टीचरचं ऐकून मराठी आकडे बंद करू नका. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हिशेब हा ज्या भाषेत पाठ झालेला असतो त्या भाषेलाच चिकटून बसतो. २००१ साली एलिझाबेथ स्पेल्के आणि सॅना त्सिव्हकिन यांनी रशियन-इंग्रजी अशा दोन भाषा येणाऱ्या माणसांवर हे तपासलं. नेमकी बेरीज एका भाषेत घोटून घेतली आणि दुसऱ्या भाषेत विचारली तर उत्तराला वेळ लागतो. अंदाजानं सांगायचं असेल तर फरक पडत नाही. तुम्हाला प्रयोग घरीच करता येईल. तीस वर्षं हुबळीत नोकरी करून, घरातही कन्नड बोलणारा कुणी नातेवाईक असेल तर त्याला मनातल्या मनात सात आठे किती विचारा आणि ओठ बघा. ओठ "साती आठी छप्पन्न"च पुटपुटतील. तुमच्या लेकीचे पाढे 'बे एके बे' नं पाठ झालेत. वर्गातल्या मैत्रिणी 'एरडोंद्ल एरडु' करतात, त्याला ते मग्गी म्हणतात. तिला मग्गीही येऊ दे, पण जुने पाढे पुसून नको. भिंत रंगवायची म्हणून कुणी पाया उकरत नाही.

पण सासूबाईंच्या बाजूनंही मी पूर्ण उभा नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी... हे ज्यांना येत होतं त्या पिढीचं तोंडी गणित बघून आजही थक्क व्हायला होतं. (औट म्हणजे साडेतीन. 'औट घटकेचा राजा' आपण अजून म्हणतो, पण औट म्हणजे किती ते दहातल्या आठांना सांगता येणार नाही.) मात्र बाजारात हिशेब येतो म्हणजे शाळेतलं आपोआप येतं, हे खरं नाही, आणि याचा पुरावा जगभर आहे.

ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात १९८५ च्या सुमारास तीन संशोधकांनी रस्त्यावर नारळ, लिंबं विकणाऱ्या पोरांकडून गिऱ्हाईक बनून खरेदी केली. बाजारात पोरांची ९८ टक्के उत्तरं बरोबर. नंतर तेच हिशेब, तेच आकडे, कागदावर नुसती आकडेमोड म्हणून दिले, तर ३७ टक्के. एका पोरानं पस्तीसला एक याप्रमाणे दहा नारळांचे तीन-तीन करून मोजले: तीनाचे एकशे पाच, आणखी तीनाचे मिळून दोनशे दहा... शाळेत दहानं गुणायला शून्य देतात हे त्याला ठाऊक असणार, पण नारळाला शून्य लावायचं त्याला सुचलं नाही. ती पोरं पाचच होती, म्हणून कुणी म्हणेल की एवढ्यावर काय ठरतं. तर २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतल्या हजाराहून जास्त पोरांचा अभ्यास 'नेचर'मध्ये छापला. तिथंही तेच. बाजारातली पोरं अवघड हिशेब तोंडी करतात आणि पाटीवरच्या भागाकाराला अडतात. उलटंही खरं निघालं: शाळेत चांगले मार्क पडणारी पोरं बाजारातल्या हिशेबाला अडतात. तुमच्या घरातली गोष्ट तुमच्या घराण्याची नाही, ताई. दार दोन्हीकडून बंद असतं आणि ते उघडायचं काम शिक्षकाचं असतं. शिक्षक करत नसेल तर आईचं.

मी स्वतः ते काम केलेलं नाही, तेही सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी निपाणी भागात होतो. आठवीच्या वर्गात ३७५ भागिले २५ दिलं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं नुसतं १५ लिहिलं. मी विचारलं, "पायऱ्या कुठं?" तो गप्प. मी समजलो, शेजाऱ्याचं बघून लिहिलंय, आणि शून्य दिलं. मधल्या सुट्टीत शेजारचा पोरगाच येऊन म्हणाला, "सर, त्याची आई विड्या वळते की वो." विडीचं बंडल पंचवीसचं असतं. शंभराला चार बंडलं, तीनशेला बारा, पंचाहत्तरला तीन. त्या घरात रात्री हजार विड्यांची चाळीस बंडलं बांधून व्हायची आणि बांधायला तोच बसायचा. पंचवीसनं भागणं त्याच्या बोटांत होतं. माझ्या फळ्यावर भागाकाराची पायरी एकच होती आणि तिच्यात त्याची बोटं बसत नव्हती. मी ते शून्य खोडलं, पण वर्गासमोर काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. त्या पोरानं ती रीत फळ्यावर येऊन दाखवली असती तर वर्गातल्या निम्म्या पोरांना, ज्यांच्या घरी तेच काम चालायचं, आपल्या घरात गणित आहे हे कळलं असतं.

असल्या गणिताला ब्राझीलच्याच उबिरातान द'अँब्रोझिओ नावाच्या गणितज्ञानं एक नाव दिलं, एथ्नोमॅथेमॅटिक्स. लोकगणित म्हणा, संस्कृतीचं गणित म्हणा. प्रत्येक समाज आपापल्या कामातून मोजायच्या, वाटायच्या, आकार काढायच्या रीती घडवतो आणि शाळेत शिकवतात ती त्यातलीच एक रीत आहे, हे त्यांनी जगाला पटवून द्यायला सुरुवात केली. आपल्या माणसाला यात नवल वाटायला नको. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. ती उघडली की आधी काय? वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. आधी बाजार, मग गणित. (हे भास्कराचार्य मूळचे कुठले यावर विजापूरवाले आणि चाळीसगावकडचे पाटणवाले अजून भांडतात. म्हणजे सीमावादातनं त्यांचीही सुटका नाही. आपला खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो तिथंच असू दे, पोरीच्या पाटीवर नको.)

आता करायचं काय. बाजाराच्या दिवशी एक वही पाटीजवळ ठेवा. दिवसातले तीनच हिशेब निवडायचे, जास्त नाही. ती तोंडानं जे म्हणते ते जसंच्या तसं मराठीत लिहायचं: तीनाचे ९६, अर्ध्याचे १६, एकूण ११२. त्याच्या शेजारी शाळेच्या पद्धतीनं ३.५ × ३२ मांडायचं. दोन्हीकडे सारखं आलं नाही तर तिला एकच प्रश्न विचारा: गिऱ्हाईक कुठला आकडा देईल? टिंब कुठं द्यायचं ते ती स्वतः शोधेल. तिसऱ्या ओळीत तेच कन्नडात, मोठ्यानं वाचून. तुम्हाला कन्नड कमी येत असेल तर तिच्याकडून शिका. आईला शिकवायला मिळालं की पोरं फुगून बसतात आणि दुप्पट शिकतात.

तोंडी उदाहरणांत ती अडते ती बहुतेक शब्दांवर अडते, गणितावर नव्हे. ओट्टु म्हणजे एकूण, उळिद म्हणजे उरलेलं, हंचु म्हणजे वाटणं, हेच्चु जास्त, कडिमे कमी. असे वीस-पंचवीस शब्द असतात, सगळं पुस्तक त्यांच्यावर चालतं. ते कागदावर लिहून चुलीसमोर चिकटवा. आणखी एक गंमत. कन्नड पुस्तकात बेरजेला संकलन म्हणतात, वजाबाकीला व्यवकलन. पोरगी घाबरली असेल की हे काय नवीन. तिला सांगा, हे शब्द संस्कृतातले, आपल्या लीलावतीतलेच, आपणच ते सोडून फारशी वळणाचं 'वजाबाकी' घेतलं. गुणाकार, भागाकार, त्रिज्या, व्यास तर दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. हायस्कूलला गेल्यावर भूमितीत तिला उलट सोपं जाईल.

अपूर्णांकांसाठी सासूबाईंकडचं चिपटं-मापटं बाहेर काढा, भाताच्या घरात अजून असणारच. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. तांदूळ ओतून बघू दे: पायलीचा सोळावा भाग म्हणजे चिपटं. एक छेद सोळा हे कागदावर वाचण्याआधी हाताला कळू दे. मग एक प्रश्न घाला. पावणेदोन किलो मिरची, अर्ध्या किलोच्या पिशव्या भरायच्या, किती भरतील? साडेतीन. हाच प्रश्न, पावणेदोन भागिले अर्धा, लिपिंग मा यांनी अमेरिका आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. १९९९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या तेवीस शिक्षकांपैकी नऊच जणांना बरोबर उत्तर काढता आलं. चीनच्या बहात्तरच्या बहात्तर शिक्षकांना आलं, आणि त्यातले बरेच कॉलेजात गेलेलेही नव्हते. फरक डोक्याचा नव्हता. चीनमध्ये शिक्षक एकत्र बसून एकेका धड्याचा कीस काढतात, एकच उदाहरण चार रीतींनी सोडवतात. तुमच्या टीचरना एकटीनं एवढा वर्ग सांभाळायचा असतो, त्यांच्यावर राग नको. भेटायला जाल तेव्हा ती तीन ओळींची वही घेऊन जा आणि एवढंच मागा: आठवड्यातनं एकदा हिला फळ्यावर तिची रीत कन्नडात सांगू द्या. बाजारात बसणारी कन्नड पोरंही वर्गात असतील, तीही उठून आपली रीत सांगतील.

ट्यूशनचं म्हणाल तर आत्ता नको. तिथंही फळा तोच आणि पायरी तीच. सहामाहीनंतर बघू.

राहिलं तुमचं. दहावीला गणितात गेले, घराण्यातच नाही. ताई, १९८० च्या सुमारास अमेरिकेतलं मिनियापोलिस, जपानमधलं सेंदाई आणि तैवानमधलं तैपेई इथल्या आयांना विचारलं होतं की पोराला गणित येणं-न येणं कशावर असतं. अमेरिकन आया उपजत बुद्धीकडे जास्त बोट दाखवायच्या, जपानी आणि तैवानी आया मेहनतीकडे. आणि गणितात पुढं होती ती सेंदाई-तैपेईची पोरं. तुम्ही घरात "आपल्यात नाहीच" म्हटलंत की पोरगी ते ऐकते आणि टिंब शोधायचं सोडून देते. तेवढं वाक्य बंद करा. बंद करायचंच असेल तर ते, मराठी आकडे नव्हे.

आणि तुम्हाला गणित येत नाही हे मला मान्य नाही. दिवाळीत अंगणात पंधरा ते आठची, मधल्या ठिपक्यांची रांगोळी घालता ना? मधली ओळ पंधराची, दोन्ही अंगांना चौदा, तेरा करत आठापर्यंत. एकूण ठिपके किती होतात कधी मोजलेत? एकशे एकोणसत्तर. तेरा तेरे. आता समोरासमोर ठिपक्यांची, पंधरा ते एकची घ्या: पंधरा, मग दोन्हीकडे तेरा, अकरा, नऊ असं एकापर्यंत. त्याचे एकशे तेरा. ते एकशे तेरा म्हणजे आठ आठे चौसष्ट आणि सात सत्ते एकोणपन्नास यांची बेरीज. का, ते आत्ता सांगत नाही. रांगोळीकडे तिरकं, कोपऱ्यातनं बघितलं की ठिपक्यांचे दोन चौकोन एकमेकांत अडकलेले दिसतात. पोरीला खडू द्या, दोन रंगांत ठिपके काढायला सांगा, एक रंग एका चौकोनाला. तुम्ही पण बसा शेजारी.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. औटकी त्यांना पुरी येत असेल तर पोरीकडून लिहून घेऊन मला पाठवा. माझी दहाच्या पुढं अडकते.